एक रकाना जास्त

दिगंबरांनी वही आणली होती, चौकटीची.
सदतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये घालवलेला माणूस;
रकाने घरूनच आखलेले, लाल शाईने:
लांबी, उंची, मायलेज, पाण्याची टाकी,
आणि कडेला, बारीक अक्षरात, गुडघे.

भोसरीच्या शेडमध्ये दुपारी अडीचला
पत्रा तापून टकटक वाजत होता.
बघा निवांत, मुनीर मिस्त्री म्हणाले,
घाईत घेतलेली गाडी
पहिल्या घाटातच बोलायला लागते.

पहिली धाकटी. भाजीवाल्याच्या व्हॅनएवढी.
छप्पर वर ढकललं की कापडाच्या भिंती उलगडतात
आणि मग आत उभं राहता येतं.
म्हणजे मला येतं. त्यांना मान तिरकी करून,
जुन्या ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेसारखं.
शेगडी मागच्या दाराला; आपण बाहेर, फोडणी आत.
पण सोसायटीच्या तळघरात मावते,
कर्णिक सेक्रेटरींना पत्र लिहावं लागत नाही,
ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी म्हणजे पिकअपच्या पाठीवर बसवलेली खोली,
ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, चढायला शिडी.
रात्री दोनदा उठावं लागतं, मी म्हटलं,
कुणाला ते सांगितलं नाही.
त्यांनी गुडघ्यांखाली फुली मारली,
जरा दाबूनच.

तिसरी लांब. पूर्वी शाळेची होती,
खिडकीखाली कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं अजून:
शर्वरी चोर आहे.
हिच्यात संडास, कडी लागणारा,
ओटा दोन फूट, माझा पोळपाट बसेल एवढा,
पलंग आडवा, पाच फूट सात इंच.
दिगंबर पाच दहा.
टेप पुन्हा लावली. टेपने ऐकलं नाही.
किंमत अशी, की तीन एफडी मोडून वर
टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या रात्रपाळ्यांचं
जे काही उरलंय, तेही.

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं
आणि शेवटी एक रकाना ओढला, पट्टी न लावता.
हे काय?
रुसायची जागा.

कोथरूडच्या दोन खोल्यांत
तुम्ही गॅलरीत जाता पेपर घेऊन, वाचलेलाच,
मी स्वयंपाकघरात डबे घासते, घासलेलेच.
मधे अकरा पावलं असतात.
तेवढ्यात राग चालून चालून दमतो,
कधी कधी परतताना चहा घेऊन येतो.
इथे अडीच पावलांवर स्टिअरिंग.
बाहेर अंधार, कुठलं तरी धरण.
खुर्ची घेऊन खाली उतरणार आहात? डासांत?

मिस्त्री हसले नाहीत. फूटपट्टीने कान खाजवत राहिले.
बाई, लोक फ्रिज विचारतात, सोलर विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.
पुढची सीट फिरती करून देतो, पाठ करून बसता येईल,
मधे पडदा. जाड. बाराशे वाढतील.

मग तिसरीत चढलो, सराव म्हणून.
ते पुढे, रस्त्याकडे तोंड करून
(रस्ता कसला, पत्र्याची भिंत),
मी मागे, शर्वरीच्या खिडकीशी.
रुसायला काही सापडेना.
शेवटी म्हटलं, ब्याण्णव साली, तुमच्या बहिणीच्या लग्नात,
ते म्हणाले, ते काढू नकोस.
झालं.

वीस मिनिटं. बाहेर ग्राइंडर चालू, बंद, चालू.
माझ्या मांडीवर वही, रकाना कोराच.
मग पुढून, मागे न वळता:
पायथ्याच्या फळीत तीन इंचांचा कोनाडा
कापता येतो का, विचारतेस का त्यांना?

विसार पाच हजार, पावती जुन्या बिलामागे.
नाशिक फाट्याशी पडद्याच्या रंगावरून बिनसलं:
त्यांना राखाडी, मळखाऊ म्हणून,
मला कुठलाही, पण राखाडी नको.
पीएमटीत नेमक्या शेजारच्या सीट मिळाल्या.
मी खिडकीबाहेर बघत होते,
ते तिकिटावरचे आकडे.